लोणच्याशेजारची वाइन

आमच्या घरांत वाइनची बरणी लोणच्याच्या बरणीशेजारी असे. कोठीची खोली अंधारी, खाली शेणाने सारवलेली. तिथे तांदळाची कणगी, सुक्या बोंबलांचा आणि जवळ्याचा डबा, मिठाचं मडकं, शिरक्याच्या आणि मसाल्याच्या तपकिरी बाटल्या, आणि त्याच रांगेत तोंडाला दादरा बांधलेली चिनीमातीची उंच बरणी. दारू ठेवायचं वेगळं कपाट आमच्याकडे नव्हतं. वाइन स्वयंपाकात मोडायची, म्हणून ती बायकांच्या हातात होती. लोणचं कधी काढायचं हे आजी ठरवायची, वाइन कधी काढायची हेही तीच ठरवायची.

ही आठवण माझ्या एकटीची नाही. गोराई, मनोरी, उत्तनला आणि तिकडे वांद्रे, चुईम, कोलेकल्याण, मरोळच्या गावठाणांत साठ-सत्तरच्या दशकांत जी मुलं वाढली, त्या सगळ्यांची आहे. आम्ही ईस्ट इंडियन. मुंबई, साष्टी, ठाणे आणि वसईच्या पट्ट्यातले मूळचे मराठी बोलणारे ख्रिस्ती. हे इंग्रजी नाव आमच्या पणजोबांच्या पिढीने १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी घेतलं, पण घरात भाषा मराठीच राहिली आणि शेतात भात. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेराला नव्या भाताच्या लोंब्या बँड लावून देवळात न्यायच्या, फादरांनी त्यांच्यावर आशीर्वाद म्हणायचा आणि मग घरी नव्या तांदळाचं जेवण. अंगणात क्रूस, पुढे ओटी, वर जायला बाहेरून लाकडी जिना, मागे विहीर आणि डुकरांचा गोठा. अशा घरांत आम्ही खायला, प्यायला आणि चारचौघांत बसायला शिकलो, आणि या तिन्ही गोष्टी आम्ही एकाच वेळी शिकलो, हे मला आता वय झाल्यावर फार मोलाचं वाटतं.

वाइन घालायचा हंगाम उपवासकाळात येई. राखेच्या बुधवारापासून ईस्टरपर्यंतचे चाळीस दिवस घरातली मोठी माणसं मांस सोडत, वाइनचा थेंब घेत नसत, आणि नेमकी त्याच दिवसांत, मार्चमध्ये, बाजारात द्राक्षं स्वस्त होत. नाशिककडची हिरवी, लांबट द्राक्षं आम्ही नुसती खायला आणत असू. वाइनला काळी लागत. जाड सालीची, बियांची, आंबटगोड, बंगळूरकडून येणारी. घरात शिरल्या शिरल्या वास पसरे अशी. काका मालाडच्या बाजारातून करंड्या घेऊन मार्वेला यायचे आणि तिथून होडीने मनोरीला. होडीतून उतरलेली करंडी डोक्यावर घेऊन ते रेतीतून चालत येताना दिसले की आम्ही पोरं धावत सुटत असू.

मग दुपारभर पडवीत चटई टाकून द्राक्षं निवडायची. देठ काढायचे, फुटकं, नासकं बाजूला टाकायचं, एका पाण्यातून काढून फडक्यावर सुकवायचं. आजी फार चोळू द्यायची नाही. सालीवरची पांढुरकी भुकटी जपायची असते, हे तिला तिच्या आईने सांगितलेलं. त्या भुकटीबरोबर सालीवर यीस्टही असतं, आणि तेच पुढे साखर खाऊन तिचं मद्य करतं, हे आम्ही नंतर पुस्तकात वाचलं. सुकलेली द्राक्षं हाताने कुस्करायची, बरणीत टाकायची. किलोला किलो साखर, दुप्पट उकळून गार केलेलं पाणी, मूठभर गहू, दालचिनीचा तुकडा, चिमूटभर यीस्ट. दादरा बांधायचा आणि बरणी कोपऱ्यात.

साखर त्या काळी रेशनवर होती, आणि बरणीला एका वेळी चार-पाच किलो लागायची. ती कुठून यायची? उपवासकाळात आई आणि आजी चहा बिनसाखरेचा पीत. आम्हा मुलांना सांगत, येशूसाठी काहीतरी सोडा, तर आम्हीही साखर सोडत असू. सोडलेली साखर पत्र्याच्या डब्यात साठे आणि बरणीत जाई. ईस्टरच्या वाइनमध्ये घरातल्या प्रत्येकाच्या सोडलेल्या साखरेचा वाटा होता. त्या वाइनवर आमचा जीव का होता, याचं कारण मला यातच सापडतं.

एकवीस दिवस. रोज सकाळी दादरा सोडून लांब दांड्याच्या लाकडी पळीने ढवळायचं. पहिल्या आठवड्यात बरणी जिवंत असायची. कान लावला की आतून बारीक चुरचुर ऐकू येई, साली फुगून वर येत, त्यांचा थर जमे. तो थर रोज खाली दाबला नाही तर त्यावर बुरशी धरते. पळी कोरडी हवी, हात कोरडा हवा. आमच्यापैकी ज्या मुलीला पहिल्यांदा ढवळायला मिळे ती त्या दिवशी मोठी झाली असं सगळे धरून चालत. मला ते वयाच्या बाराव्या-तेराव्या वर्षी मिळालं आणि आजी माझ्या मागे उभी होती. एक शब्दही न बोलता तिने माझं कोपर धरून पळी बरणीच्या तळापर्यंत नेली, कारण साखर तळाशी बसते आणि वरवर ढवळणाऱ्याला ते कळत नाही.

आणि चव? उपवासकाळ चालू, चाखायचं नाही. आजी फक्त वास घेई. पहिल्या दिवसांत कच्च्या फळाचा, मग पावाच्या पिठासारखा, मग अचानक एका सकाळी तो बदललेला असे. तेव्हा ती मान हलवी आणि म्हणे, "झाली." मलमलीच्या फडक्यातून गाळायचं, चोथा पिळायचा नाही, नाही तर वाइन गढूळ होते. मग ती निवळू द्यायची, थोडी साखर काळपट होईपर्यंत जाळून रंगासाठी घालायची आणि बाटल्या भरायच्या. बूच लगेच घट्ट बसवायचं नाही. आत अजून वायू धरत असेल तर बाटली फुटते, आणि गावठाणात दरवर्षी कोणाच्या ना कोणाच्या घरी रात्री असा आवाज व्हायचाच. एखादी बरणी आंबली तर तीही फुकट जात नसे. तिचा शिरका होई, आणि शिरक्यावाचून आमचं डुकराचं इंद्याल नाही, सोरपोतेल नाही.

जांभळं आली की जून महिन्यात जांभळाची वाइन. पावसाळ्यात मनुकांची. आम्हा मुलांसाठी आल्याची, ती नुसती उकळून, साखर-लिंबू घालून, न आंबवता केलेली. घसा जळायचा आणि आपणही मोठ्यांच्या पंक्तीला बसलो असं वाटायचं.

ईस्टरच्या पहाटेचं जेवण हे आमच्या वर्षातलं सगळ्यात मोठं जेवण. मध्यरात्रीच्या मिस्सावरून घरी यायचं, झोपाळलेली धाकटी भावंडं कडेवर, आणि टेबलावर आदल्या दिवशी शिजवून ठेवलेलं डुकराचं इंद्याल. ते शिळंच चांगलं लागतं. मसाला आणि शिरका मांसात मुरायला एक रात्र लागते. बदकाची मोयली. आणि फुगे. मैद्याच्या पिठात अंडी आणि नारळाचं दूध घालून, पूर्वी ताडी घालून आंबवायचे, नंतर यीस्ट आलं. पीठ डाव्या हाताच्या मुठीत धरून अंगठा आणि तर्जनीच्या मधून पिळायचं, लिंबाएवढा गोळा बाहेर आला की ओल्या बोटाने तोडून कढईत सोडायचा. तेलात पडताच तो आपोआप उलटायचा. आमच्या आत्याचे फुगे एकसारखे गोल पडत आणि ती ते करताना कोणाशीही बोलत नसे.

ताडीचं म्हणायचं तर ती आमच्याकडे रोजची होती. गोराई, मनोरीला ताडांची रांग होती, सकाळी उतरवलेली गोड लागायची, ऊन चढेल तशी आंबट होत जायची. पण आजीच्या लेखी ताडी ही पिठात घालायची वस्तू होती.

या सगळ्यावर मसाला एकच, बाटली मसाला. ईस्टर झाला, ऊन कडक झालं की मिरच्या, धणे, हळकुंडं, गहू, चण्याची डाळ, तीळ, खसखस, मोहरी, दगडफूल, नागकेशर, जायपत्री असे वीस-पंचवीस जिन्नस गच्चीवर वाळत पडत. मग मसाला कुटणाऱ्या बायका येत. मातीच्या खापरात एकेक जिन्नस वेगळा भाजायचा, उखळाभोवती तिघी-चौघींनी उभं राहून लांब मुसळं पाळीपाळीने घालायची. त्या ठोक्यावर गाणी म्हणत. अख्खी आळी शिंकायची. मसाला बिअरच्या तपकिरी बाटल्यांत काठीने ठासून भरायचा. त्या काचेतून उजेड आत जात नाही, म्हणून रंग वर्षभर टिकतो. प्रत्येक घराचं प्रमाण वेगळं आणि ते सांगायची पद्धत नव्हती. शेजारणीच्या घरचं जेवण जेवताना जीभ आपोआप फरक शोधायची. दुधी आणि मटणाचं लोणवस असो की भाजलेल्या खोबऱ्याची खुड्डी, वास आला की कोणाच्या घरी शिजतंय हे डोळे मिटून सांगता येई.

आता पिण्याविषयी नीट बोललं पाहिजे, कारण आमच्या लोकांविषयी बाहेर फार चुकीचं बोललं गेलं आहे. सिनेमांत ख्रिस्ती माणूस म्हणजे झिंगलेला माणूस, असं आम्ही लहानपणापासून पाहिलं. शाळेतही ते ऐकून घेतलं. घरात मात्र नियम कडक होता. पान वाढल्याशिवाय पेला भरायचा नाही. पेला औषधाच्या पेल्यापेक्षा थोडासा मोठा. आधी पाहुण्याला, मग वडीलधाऱ्यांना. एकट्याने कोणी प्यायचं नाही. रोजच्या दिवशीही आजोबा शेतावरून आले, पाय धुऊन बसले, भाकरी आणि बोंबलाचं कालवण पुढे आलं की आजी एक पेला ठेवायची, आणि स्वतःला त्याच्या निम्मा. दोघं बोलत काहीच नसत. ते जेवण संपायला मात्र खूप वेळ लागे.

गावात दारू नव्हती असं नाही. गावठी मिळायची आणि तिने काही घरं बुडवली. नवऱ्याने बाटली कुठे ठेवलीय, आज किती पिऊन परत आला, हे मोजण्यात ज्यांचं आयुष्य गेलं अशा बायका आमच्या नात्यातही होत्या. त्याच बायका वर्षाची वाइन घालत. त्यांना कधी यात विसंगती वाटली नाही आणि मलाही वाटत नाही. एक गोष्ट घराबाहेर, अंधारात, पोटात अन्न नसताना प्यायची होती. दुसरी त्यांनी स्वतःच्या हाताने केलेली, मोजून वाढलेली, सगळ्यांच्या देखत. आपल्या घरात हा फरक जिवंत राहावा म्हणून त्या झटत होत्या, हे आम्हाला उशिरा समजलं.

त्यात कायदा. मुंबई दारूबंदी कायदा १९४९ चा. मोरारजीभाई देसाई गृहमंत्री होते आणि १९५० च्या एप्रिलपासून पूर्ण बंदी आली. मिस्साची वाइन तेवढी वगळलेली. आजीच्या पिढीला हा घाव फार लागला. तिला सरकारशी भांडायचं नव्हतं, पण ईस्टरला पाहुण्यापुढे पेला ठेवणं हा गुन्हा कसा, हे तिला शेवटपर्यंत उमगलं नाही. त्या वर्षांत बरणी कणगीमागे गेली, गोधडी पांघरून. वांद्र्याकडे काही बायकांनी घरातच गिऱ्हाईक बसवायला सुरुवात केली, पोट भरायला. त्यांचे अड्डे पुढे 'आंटीचे' म्हणून प्रसिद्ध झाले आणि त्यावर विनोदही झाले. त्यांतल्या कित्येकींच्या पदरी मुलं होती आणि कमावणारं कोणी नव्हतं. त्या विनोदांवर आमच्या घरात कोणी हसलं नाही. आम्ही शाळेत जायला लागलो तोवर बंदी सैल होत आली होती. बरणी परत फळीवर आली. गोधडीची सवय मात्र काही घरांत राहिली.

मे महिन्यात माणसांचा खरा मेळा जमे. आमच्या गावठाणांत वळणावळणावर क्रूस आहेत. त्यांतले बरेच १८९६ च्या प्लेगनंतर उभे राहिले. साथ टळावी म्हणून, टळली म्हणून, गेलेल्यांच्या आठवणीत. मेमध्ये संध्याकाळी आज या क्रुसापुढे, उद्या त्या, अशी प्रार्थना होई. झेंडूच्या माळा, मेणबत्त्या, वर कागदी पताका, जमिनीवर चटया. रोझरी, मग लादाइन्य म्हणजे लाटिन प्रार्थनामाला, जिचा अर्थ कोणालाच नीट येत नसे आणि चाल सगळ्यांना पाठ. शेवटची ओळ संपली की परातीतून उकडलेले चणे येत. खोबऱ्याचे तुकडे आणि मीठ घातलेले, कागदाच्या पुड्यांत. मोठ्यांना वाइनचा एकेक पेला, आणि कुठे लग्नघर जवळ असेल तर खिमाड. खिमाड म्हणजे दालचिनी, लवंग, वेलची, बडीशेप घालून गरम केलेली मसाल्याची दारू. ती लग्नाच्या आदल्या दिवशी उंबराचं पाणी आणायला निघालेल्या वऱ्हाडासाठी असते.

मुलं चणे घेऊन पळत. मोठी माणसं मात्र उठत नसत. कोळी असत, शेतकरी असत, गिरणीतले, रेल्वेतले, शिक्षक, नर्सबाई. वर्षभर बांधावरून भांडलेले दोन भाऊ त्याच चटईवर बसत, कारण क्रूस दोघांच्या आजोबाने बांधलेला. वाजवायला कोणीतरी मातीचं घुमट आणे, कोणीतरी फिडल. शेजारच्या आगरी काकू प्रार्थना संपता संपता येत आणि आमच्या आईजवळ बसत. त्या पीत नसत, चणे घेत, आणि लग्नं, मासे, पाऊस यांवर बोलत. दिवाळीला त्यांच्याकडून फराळाचं ताट यायचं, नाताळला आमच्याकडून जाळीच्या विणलेल्या रुमालाखाली कुलकुल, नेवऱ्या, पेरूचं चीज आणि थाळी स्वीट. वर-खाली निखारे ठेवून भाजलेलं ते रवा-बदामाचं थाळी स्वीट त्यांना इतकं आवडे की त्यांच्यासाठी एक वेगळी, बिनअंड्याची थाळी होई.

ही पिढी आता साठीच्या पुढे आहे. शेतं गेली. वांद्र्याची गावठाणं उंच इमारतींच्या मधे चेपली. बरीच बहीण-भावंडं कॅनडा-ऑस्ट्रेलियाला गेली आणि जाताना मसाल्याच्या बाटल्या साड्यांत गुंडाळून घेऊन गेली. महाराष्ट्रातही वाइन नव्याने आली. नाशिकला सुला कंपनीची पहिली वाइन २००० साली निघाली, २००१ मध्ये राज्याचं द्राक्षप्रक्रिया धोरण आलं, आणि ज्यांच्या घरात वाइन हा शब्दही उच्चारत नसत असे आमचे मित्र द्राक्षबागेत पेला हातात धरून फोटो काढू लागले. मला त्याचा आनंदच झाला. तिकडची कोरडी शेनिन ब्लाँ आणि ताजा तळलेला बोंबील ही जोडी मी कोणालाही खात्रीने सांगेन. आमची घरगुती गोड वाइन बोंबलापुढे हरते. पण इंद्यालापुढे, शिरक्याच्या आंबटाला आणि मिरचीला, ती जुनी गोड काळी वाइनच लागते. तिथे दुसरी कोणतीही मला चालत नाही.

माझी भाची कॅनडात मिसिसागाला असते. दोन वर्षांपूर्वी सप्टेंबरमध्ये तिचा फोन आला. तिथल्या बाजारात काळी, जाड सालीची द्राक्षं आली होती, कॉनकॉर्ड नावाची, आणि ती म्हणाली, "मावशी, वास अगदी आपल्या बरणीचा येतोय." बरोबरच होतं तिचं. आमची बंगळूरकडची काळी द्राक्षं आणि ही, दोन्ही एकाच अमेरिकन द्राक्षकुळातली, हे मला तोवर माहीत नव्हतं. मी तिला प्रमाण सांगितलं. तिथे थंडी लवकर पडते, म्हणून बरणीला शाल गुंडाळून हीटरपासून थोडी दूर ठेव म्हटलं. यीस्ट थंडीत झोपतं, फार उष्णतेने मरतं. पळी तळापर्यंत जाऊ दे, हेही सांगितलं.

तिची वाइन ईस्टरला होत नाही, तिथल्या द्राक्षांच्या हंगामामुळे नाताळला होते. यंदा तिच्याकडे नाताळच्या दुपारी तिच्या रुग्णालयातल्या दोघी फिलिपिनो नर्सेस, वरच्या मजल्यावरचं तमिळ कुटुंब आणि वसईचा एक मुलगा जेवायला येणार आहेत. इंद्याल ती आदल्या दिवशी करणार आहे. फुगे जमत नाहीत म्हणते, फुटतात. पीठ सैल होत असेल. व्हिडिओवर तिच्यासमोर एकदा करून दाखवायचेत.